शेवटी तिच्या हातात काय?

आज सिनेमाच्या गप्पा मारू या. मी समीक्षक नाही, तेव्हा कॅमेरा कुठे लावला नि प्रकाश कसा सोडला हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत दुपारच्या वेळी, भाजी निवडता निवडता, कधी टीव्हीवर तर कधी मोबाइलवर मी काही चित्रपट पाहिले. काही आपल्या आज्यांच्या काळातले, काही अगदी परवापरवाचे. काही पूर्वी पाहिलेले होते, तेही पुन्हा पाहिले. त्यांच्याबद्दल मला जे वाटलं ते सांगते. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, भांडायला मला आवडतं.

पण आधी एक गोष्ट. चित्रपट बघून आलेल्या बाईला आपण पहिल्यांदा काय विचारतो? "शेवट गोड आहे ना गं?" गोड असेल तर बघायचा, रडका असेल तर "नको बाई, घरी काय कमी आहे". मी मात्र हल्ली दुसराच प्रश्न विचारते. शेवटच्या दृश्यात नायिकेच्या हातात काय आहे? पैसा आहे? काम आहे? राहायला घर आहे? मूल तिच्याजवळ आहे? की नुसतंच सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, नवऱ्याने डोळे पुसले आणि पडदा पडला? कारण पडदा पडल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला येतोच. त्याचे पैसे कोण देणार, हे दिग्दर्शक सांगत नाही. ते आपणच शोधायचं.

सुरुवात 'कुंकू'पासून करते. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ सालचा चित्रपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून काढलेला. गोष्ट सरळ आहे. आईबापाविना वाढलेल्या तरुण पोरीचं लग्न तिचा मामा पैशाच्या लोभाने, फसवून, एका वयस्कर विधुर वकिलाशी लावून देतो. आता त्या काळच्या चित्रपटातली मुलगी काय करेल? रडेल, देवापुढे बसेल, नशिबाला बोल लावेल, असं आपल्याला वाटतं. ही पोरगी यातलं काही करत नाही. हे लग्न मला मान्य नाही, मी तुमची बायको नाही, असं ती नवऱ्याला तोंडावर सांगते आणि शेवटपर्यंत त्याला जवळ येऊ देत नाही. शांता आपटेंनी हे काम असं केलंय की ऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाली तरी ती आपल्या शेजारच्या घरातली मुलगी वाटते. ठसक्यात बोलते, हसते, खेळते, आणि वेळ आली की डोळे वटारते. आजच्या मालिकांमधल्या सुना तिच्यापुढे फारच मवाळ वाटतात, हे मला मोकळेपणाने सांगू द्या.

काकासाहेबांचं, म्हणजे त्या म्हाताऱ्या नवऱ्याचं काम केशवराव दाते यांनी केलंय. तो खलनायक नाही, हे मला फार आवडलं. मिशा काळ्या करून आरशासमोर उभा राहणारा, लोकांत मान असलेला, स्वतःची समजूत घालणारा साधा माणूस आहे. घरातलं जुनं लंबकाचं घड्याळ हीच जणू त्याची तब्येत. आणि एक गंमत अशी की या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, दार, भांडी, रस्त्यावरचे आवाज, एवढंच. दुपारी एकटीने बघितला की आपल्या घरातलं घड्याळ कुठलं आणि त्यातलं कुठलं हे कळत नाही.

याच चित्रपटात काकासाहेबांची शिकलेली मुलगी येते. बापाला चार गोष्टी ऐकवते आणि आपल्यापेक्षा लहान असलेल्या सावत्र आईची बाजू घेते. हे काम शकुंतला परांजपे यांचं. त्या खऱ्या आयुष्यातही तशाच होत्या. रँग्लर परांजप्यांची मुलगी, केंब्रिजला शिकलेल्या. ज्या काळात संततिनियमन हा शब्द चारचौघांत उच्चारायची चोरी होती, त्या काळात त्यांनी त्याचं काम केलं. 'स्पर्श' आणि 'कथा' काढणाऱ्या सई परांजपे यांच्या त्या आई.

आता शेवट. जुना चित्रपट आहे, सांगितला तरी चालेल. काकासाहेबांना आपली चूक उमगते. ते नीरेला मुलगी मानतात, तिने दुसरं लग्न करावं असं पत्र लिहून ठेवतात आणि आत्महत्या करतात. नायिका सुटते. पण कशी सुटते? नवरा मेला म्हणून. तिच्या हातात शेवटी आहे ते त्याचं पत्र.

माझ्या ओळखीच्या एका आजी म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला मारायची काय गरज होती? काडीमोड द्यायचा." प्रश्न अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच मी थोडी पुस्तकं चाळली. काही समाजांत काडीमोडाची रीत होती, पण वकिलाच्या घरातल्या, विधिपूर्वक लग्न लागलेल्या बाईसाठी १९३७ साली मुंबई इलाख्यात घटस्फोटाचा कायदाच नव्हता. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा आला १९४७ मध्ये आणि साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. म्हणजे लेखक-दिग्दर्शकाला नायिकेला मोकळं करायचं होतं, तर त्याच्यापुढे रस्ता एकच होता. नवऱ्याला पडद्यावरून काढून टाकायचं.

गंमत पुढेच आहे. त्याच १९३७ साली हिंदू विधवांना नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा देणारा कायदा झाला. मुंबईचे डॉक्टर गो. वि. देशमुख यांनी तो मांडला म्हणून त्याला देशमुख कायदाच म्हणत. हिस्सा हयातीपुरता, मनाला येईल तसा विकता येणार नाही असा. पण मिळाला हे खरं. म्हणजे त्या वर्षीचा कायदा बाईला सांगत होता की नवरा असेपर्यंत तुला सुटका नाही, तो गेल्यावर थोडं काहीतरी देऊ. आणि तिने काकासाहेबांच्या पत्राप्रमाणे दुसरं लग्न केलं असतं तर? १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यात लग्नाला परवानगी होती, पण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जात असे. पत्रात आशीर्वाद होता, पण दूधवाल्याचा हिशेब तसाच राहिला.

म्हणून मला 'कुंकू'चा शेवट दुबळा वाटत नाही. काळाने जेवढं दार उघडलं होतं तेवढ्यातूनच ती बाहेर पडू शकत होती. नायिकेची हिंमत पूर्ण होती, कमी पडला तो कायदा.

'कुंकू'मधल्या त्या आवाजांवरून मला लगेच दुसरा चित्रपट आठवला, म्हणून मधली वर्षं सोडून थेट २०२१ वर येते. 'द ग्रेट इंडियन किचन', मल्याळम भाषेतला, दिग्दर्शक जिओ बेबी. भाषा कळत नाही म्हणून घाबरू नका, यात बोलणं फार थोडं आहे. यातही पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. आवाज आहेत ते फोडणीचे, खोबरं खवण्याचे, पाट्यावर वाटण्याचे, भांडी घासण्याचे. सकाळ झाली की चहा, नाश्ता, डबा, दुपारचं जेवण, ओटा पुसणं, केर, पुन्हा रात्रीचं जेवण. मग दुसरी सकाळ. पुन्हा तेच. एक बाई मला म्हणाली, "अहो, हे काय बघायचं? हे तर मी रोज करते." मी म्हटलं, तू करतेस, पण बघितलंयस कधी?

नायिकेला आणि नवऱ्याला चित्रपटात नावंच नाहीत. नवरा शाळेत समाजशास्त्र शिकवतो आणि घरी ताटाबाहेर चोथे टाकून उठतो. सासरे स्वभावाने गोड आहेत, आवाज चढवत नाहीत. फक्त भात चुलीवरचा हवा, चटणी पाट्यावरची हवा, कपडे मशीनमध्ये नको, हाताने धुतलेले हवेत. दात घासायचा ब्रशसुद्धा सासूबाईंनी हातात आणून द्यायचा. मोरीखालचा पाइप गळतोय, ती नवऱ्याला रोज सांगते की प्लंबरला बोलवा. तो रोज विसरतो. मारहाण नाही, हुंड्याचा जाच नाही, दारू नाही. तक्रार करायला गेलं तर लोक म्हणतील, "मग त्रास काय आहे तुला?" या चित्रपटाची सगळी ताकद इथे आहे. त्रासाचं नाव सांगता येत नाही, पण त्या गळक्या पाण्याचा वास आपल्यालाही येतो.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती सासू. ती मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेलेली असते. सुनेला नाच शिकवण्याच्या नोकरीसाठी अर्ज करायचा असतो, सासरे नको म्हणतात. तेव्हा हीच सासू फोनवर सुनेला सांगते की अर्ज कर, मी सांगितलं असं मात्र बोलू नकोस. एवढंच. आयुष्यभर जिने ब्रश हातात दिला, तिला सगळं कळत होतं. सासवांना खलनायिका करणाऱ्या शंभर चित्रपटांपेक्षा हे एक दृश्य मला खरं वाटलं.

शेवटी सून ते घाणेरडं पाणी बापलेकांच्या अंगावर फेकते आणि घर सोडते. टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण माझा प्रश्न विसरू नका. पाणी फेकून झालं, आता हातात काय? तर नाच. लग्नाआधी शिकलेली, सासरी बासनात गुंडाळून ठेवलेली कला. ती नृत्यशिक्षिका होते. दिग्दर्शकाने तिला नुसतं बाहेर काढलं नाही, तिच्या पोटापाण्याची सोय दाखवली. आणि त्याच वेळी त्या जुन्या घरात नवऱ्याची दुसरी बायको तसाच ओटा पुसताना दिसते. एक बाई सुटली, घर काही बदललं नाही. हा शेवट गोडही नाही आणि रडकाही नाही.

याच गोष्टीवर हिंदीत 'मिसेस' आला, आरती कडव यांचा, सान्या मल्होत्राने काम केलेला. मल्याळम बघायला जड जात असेल तर तो बघा. ठीक आहे. पण तो जरा जास्त बोलून दाखवतो. मूळ चित्रपट गप्प राहून जे करतो, ते त्याला साधत नाही. सान्याचं काम मात्र उत्तम.

आता मागे राहिलेल्या वर्षांकडे वळते. 'उंबरठा', १९८२. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची 'बेघर'. स्मिता पाटीलची सुलभा तुमच्यापैकी कितीतरी जणींना ठाऊक असेल. हिचं सासर सुस्थितीतलं आहे. नवरा वकील, सासूबाई समाजकार्यात. समाजकार्य करायला कुणाचीच ना नाही, पण ते सासूबाईंसारखं, घर सांभाळून, कमिटीच्या मीटिंगांपुरतं. सुलभाला पगाराची नोकरी हवी असते, दूरच्या गावातल्या महिला सुधारगृहात अधीक्षिकेची. ती जाते. लहान मुलीला जाऊबाईंकडे ठेवून जाते.

हा चित्रपट आला तेव्हा "आईने मुलीला टाकून जावं का?" यावर भरपूर वाद घातले गेले, आणि आजही बायकांच्या गटात दाखवला की तेच वाद होतात. मी तर म्हणते, व्हायलाच हवेत. पण वाद घालताना एक गोष्ट बघा. नवरा शिक्षणासाठी, नोकरीसाठी वर्षानुवर्षं लांब राहिला तर त्याला कुणी "मुलीला टाकलं" म्हणत नाही. मुंबईला गिरणीत कामाला गेलेल्या, दुबईला गेलेल्या, सैन्यात गेलेल्या बापांविषयी आपण म्हणतो, पोरांसाठी राबतोय. सुलभाने तेच केलं तर शब्द बदलतो.

सुधारगृहाचा भाग अंगावर येतो. तिथल्या बायकांना सुधारायचं म्हणजे गप्प बसवायचं, एवढंच कमिटीला माहीत. सुलभा प्रश्न विचारायला लागते तशी ती अडचण होऊन बसते. शेवटी राजीनामा देऊन घरी येते, तर मुलगी परकी झालेली आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. तो ते शांतपणे सांगतो, जणू घरात नवीन कपाट आणलंय. आणि ती पुन्हा निघते.

हिच्या हातात काय? शिक्षण आहे, कामाचा अनुभव आहे, स्वाभिमान आहे. मूल नाही. इथे पुन्हा कायद्याकडे बघायला लागतं. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्यानंतर आई, असं लिहिलेलं आहे. पाच वर्षांपर्यंतचं मूल साधारणपणे आईजवळ राहावं, एवढी सवलत. 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावरच असं नाही, तो जबाबदारी घेत नसेल तेव्हाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला तो १९९९ साली. सुलभा घराबाहेर पडली त्याच्या सतरा वर्षांनंतर. 'कुंकू'मधल्या नीरेला नवरा सोडता येत नव्हता. सुलभाला तो सोडता येत होता, पण मोठी किंमत मोजून. हा एवढाच फरक पंचेचाळीस वर्षांत पडला.

स्मिता पाटीलबद्दल एकच सांगते. तिच्या चेहऱ्यावर रडू येतं तेव्हा ते येण्याआधी राग येतो. हे मी दुसऱ्या कुणात फारसं पाहिलेलं नाही.

ज्या चित्रपटाने मला रात्री झोप येऊ दिली नाही, तो मात्र यातला कुठलाच नाही. तो म्हणजे 'दोघी'. १९९५ चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. सुमित्राताई मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक, समाजकार्य शिकवणाऱ्या. वस्तीतल्या बायकांशी बोलता बोलता त्या कॅमेऱ्याकडे आल्या. 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट. 'दोघी' पाहताना हे जाणवतं. बायकांकडे वरून बघणारी नजर त्यात कुठेच नाही.

खेड्यातल्या दोन बहिणी, गौरी आणि कृष्णा. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी. थोरलीचं लग्न ठरतं, मांडव पडतो, आणि लग्नाच्याच दिवशी वऱ्हाडाच्या गाडीला अपघात होतो. नवरदेव जातो. दोष कुणाचा? पोरीचा. पांढऱ्या पायाची. घर खचतं, खायची भ्रांत पडते. मग मामा तिला मुंबईला नेतो, आणि तिथे तिचं काय होतं हे आई जाणते पण बोलत नाही. पैसे येऊ लागतात. घर उभं राहतं. धाकटीचं लग्न ठरतं ते त्याच पैशांवर. आणि लग्नाला थोरली घरी येते, तेव्हा ती कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून आईचा जीव खालीवर होतो.

उत्तरा बावकरांची ही आई दुष्ट नाही. ती उपाशी राहिलेली आहे, धाकटीला उजवायची आहे, गावाला भीत आहे. लेकीने पाठवलेला पैसा घरात चालतो, लेक चालत नाही. मैत्रिणींनो, हे वाक्य बोलताना माझाही आवाज जरा अडतो. कारण वेगळ्या रूपात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जिच्या पगारावर भावाचं शिक्षण झालं, घरावर स्लॅब पडला, तिच्या लग्नाचं वय उलटून गेलं की वास्तुशांतीच्या पूजेला बसायचं भावाने आणि भावजयीने. ती स्वयंपाकघरात.

'दोघी' ज्या वर्षी आला त्याच्या आदल्याच वर्षी, १९९४ साली, महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीने जन्मतः हक्क देणारा कायदा केला. देशभर तो यायला २००५ उजाडलं. म्हणजे कागदावर गौरीचा त्या घराच्या भिंतीवर हक्क होता, आणि प्रत्यक्षात अंगणात उभं राहायची चोरी. 'कुंकू'त बाई पुढे होती आणि कायदा मागे. इथे कायदा पुढे गेलाय, माणसं मागे राहिलीत. म्हणून मला हा चित्रपट जास्त टोचला. कायदा मागे असला तर सरकारशी भांडता येतं. आईशी कसं भांडायचं? धाकटी कृष्णा ते करायला बघते. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. बघा. पण शक्यतो एकटीने बघू नका, बहीण जवळ असेल तर तिला बोलवा.

इतकं जड झाल्यावर जरा हलकं काही हवं म्हणून मी 'इंग्लिश विंग्लिश' लावला. २०१२ चा, गौरी शिंदे यांचा, श्रीदेवीने पंधरा वर्षांनी पुनरागमन केलं तो. पुण्याच्या शशी गोडबोलेची गोष्ट. गौरी शिंदे पुण्याच्याच. त्यांच्या आईचा लोणच्यांचा घरगुती व्यवसाय होता आणि इंग्रजी बेताचं, त्यावरून हे सुचलं. पडद्यावर लोणच्याचे लाडू झाले, एवढाच बदल.

इंग्रजी येत नाही म्हणून मुलगी लाजते, नवरा चेष्टा करतो. हे सगळ्यांना आठवतं. मला यावेळी दिसले ते लाडवांचे पैसे. शशी लाडू करून विकते, घरोघर पोचवते. घरच्यांच्या लेखी तो बायकोचा छंद, "लाडू काय छान करते!" पण भाचीच्या लग्नासाठी ती न्यूयॉर्कला जाते आणि तिथे इंग्रजीच्या वर्गाला नाव घालते, तेव्हा फी जाते ती लाडवांच्या कमाईतून. कुणाला विचारावं लागत नाही. तिचा बंडखोरपणा भाषणात नाही, त्या साठवलेल्या पैशांत आहे. आपल्या बचत गटाच्या बायकांना हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

एका जागी मात्र माझं या चित्रपटाशी पटलं नाही. परीक्षा आणि लग्न एकाच दिवशी येतात. लाडवांचं ताट सांडतं आणि शशी परीक्षेला न जाता पुन्हा लाडू वळत बसते. परीक्षा सोडली, लाडू नाही सोडले. मग लग्नात इंग्रजीतून भाषण करते तीच तिची परीक्षा ठरते, सर तिला पास करतात. सगळं गोड. पण नवऱ्याची परीक्षा असती तर लाडू बाजारातून आणले असते, नाही का? यावर माझ्या वहिनीचं उत्तर असं, की लाडू हे शशीचं काम आहे, तिच्या नावाचा माल आहे, तो ती दुसऱ्याचा कसा ठेवेल? हेही खरं. आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही. शेवटी विमानात ती चांगल्या इंग्रजीत हिंदी वर्तमानपत्र मागते. हातात तिच्या आवडीच्या भाषेतला पेपर. ही जागा मला मनापासून आवडली.

पहिल्या कमाईचा आनंद पाहायचा तर 'लापता लेडीज' बघा. किरण राव यांचा, २०२४ साली चित्रपटगृहात आला. दोन नवऱ्या, दोघींच्या डोक्यावरून लांब घुंगट, आगगाडीत अदलाबदल होते. हसवत हसवत नेतो. एक नवरी, फूल, चुकून दुसऱ्याच स्टेशनवर राहते. तिला आपल्या सासरच्या गावाचं नावसुद्धा नीट सांगता येत नाही. तिथे चहाची टपरी चालवणारी मंजू माई तिला ठेवून घेते. आपल्या छाया कदमने हे काम काय केलंय! दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला घराबाहेर काढलेली ही बाई. ती फूलला दया दाखवत नाही, काम सांगते. फूल कलाकंद करते, तो विकला जातो आणि मंजू माई तिच्या हातावर पैसे ठेवते. त्या पोरीचा चेहरा बघा. इतकी वर्षं घरी केलेल्या पदार्थाचे पैसे होऊ शकतात, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

दुसरी नवरी, जया, हुशार आहे. तिला शेतीचं शिकायचंय, डेहराडूनला जायचंय. तिची सुटका मात्र लाचखाऊ इन्स्पेक्टरच्या चांगुलपणावर होते. रवी किशनने झकास काम केलंय, टाळ्या पडतात. तरी मनात येतं, त्या दिवशी साहेबांचा मूड बरा नसता तर? फूलचे पैसे थोडे होते, पण ते कुणाच्या मूडवर अवलंबून नव्हते.

'बाईपण भारी देवा'बद्दल बोलले नाही तर तुम्ही मला पत्रं पाठवाल. केदार शिंदे यांचा, २०२३ चा. मराठीतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांपैकी एक, आणि ती कमाई बायकांनी करून दिलेली. नऊवारी नेसून, नथ घालून, गटागटाने बायका थिएटरात गेल्या हे तुम्ही पाहिलंय, तुमच्यातल्या काही गेल्याही असतील. दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. खरं सांगायचं तर गोष्ट मला सैल वाटली. सहा जणींची सहा दुखणी एका स्पर्धेने बरी होतात हे पटायला जड आहे. पण वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी समोरासमोर येतात तेव्हा मी भाजी निवडायची थांबले होते. शिवाय साठीच्या बाईचे गुडघे, चाळिशीनंतर पाळी जातानाचे हाल, हे पडद्यावर, भरल्या थिएटरात, न लाजता आलं. पैसे वसूल.

यातले बरेचसे चित्रपट मोबाइलवर किंवा कुणाच्या तरी टीव्हीवर मिळतात. प्रभातचे जुने चित्रपट शोधले की सापडतात. आवाज थोडा खरखरतो, चित्र जरा पुसट असतं, दहा मिनिटांत सवय होते. सुरुवात त्यांच्यापासून करा असं मी म्हणेन.

माझ्या यादीत पुढचा आहे 'माणूस', शांतारामांचाच, १९३९ चा. पोलीस शिपाई आणि मैना नावाची वेश्या यांची गोष्ट. शांता हुबळीकरांची मैना. तिला तुरुंगातून सोडवायला तो येतो आणि ती नाही म्हणते, एवढं मला आठवतंय. का नाही म्हणते, ते आता पुन्हा बघायचंय. तुमच्यापैकी कुणी आधी पाहिला तर कळवा.